पहिला कॅमेरा घेताना

दहावीची परीक्षा आटोपली, की छायाचित्रणाची गोडी लागलेल्या मुलांच्या घरी कॅमेऱ्याचा विषय निघतो. ही खरेदी वारंवार होत नाही. तेव्हा पैसा नेमका कशावर खर्चावा, हे आधीच ठरविलेले बरे.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. त्यास भुलू नये. १२ बाय १८ इंचांच्या उत्तम छपाईस २० मेगापिक्सेल पुरतात.

खरा प्रश्न प्रकाशाचा. अंजनगाव सुर्जीचा पानमळा घ्या. भरदुपारीही आत सावलीच. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची साधी लेन्स ५५ वर नेली, की तिचे छिद्र एफ ५.६ हून मोठे होत नाही. ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. मग पान खुडणारा हात छायाचित्रात पुसट होत नाही. उत्पादकांचा ओढा आता मिररलेसकडे असल्याने वापरलेले डीएसएलआर पुष्कळ उपलब्ध आहेत. म्हणून कॅमेरा जुना घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत ही लेन्स, असे आमचे मत आहे.

मात्र निकॉन डी ३४०० किंवा डी ३५०० मध्ये फोकसची मोटार नसते. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळाली, तरी तिचा फोकस हातानेच करावा लागेल. तेथे 'एएफ-एस' मागावी. कॅननच्या 'ईएफ' लेन्समध्ये स्वतःचीच मोटार असते.

जुन्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले, हे विचारावे. शेवटी लेन्स उजेडासमोर धरून पाहावी. आत बुरशीची जाळी दिसल्यास कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.