कोंबडीची दांडी: चढणं सोपं, उतरणं अवघड

आज बोलूया कोंबडीच्या रात्रीच्या बसण्याबद्दल. घरामागे दहा-वीस अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे मला हमखास विचारतात, "खुराड्यात दांडी नसली तर काय बिघडतं?" बरंच बिघडतं. पण चुकीची लावली, तर त्याहूनही जास्त बिघडतं.

आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो दिवसभर जमीन उकरतो आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढतो, कारण खाली मुंगूस असतं, रानमांजर असतं. ती भीती आणि ती सवय कोंबडीत आजही शिल्लक आहे. दांडीवर बसून पाय दुमडले की पायातल्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप आवळली जातात. म्हणून ती झोपेतही पडत नाही. दांडी नसेल तर ती अंड्यांच्या खोक्यात झोपते, तिथेच घाण करते आणि सकाळची अंडी माखतात.

युरोपीय संघाने १९९९ साली नियम केला: दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडी. जिथे दांडी नाही, घरटं नाही, असे पिंजरे तिथे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. आपल्याकडच्या मोठ्या फार्मवर मात्र बहुतेक कोंबड्या अजून पिंजऱ्यातच असतात. एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते, आणि दांडीचा तर प्रश्नच नाही.

आता दुसरी बाजू. मुक्त शेडमध्ये उंच दांड्या असतात, तिथे कोंबड्यांच्या छातीचं मधलं हाड मोडलेलं बऱ्याचदा आढळतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यामुळे हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. त्यात पंख फडफडवून वर जाणं जमतं, पण खाली येताना अंदाज चुकतो आणि छाती आपटते.

काशीचा मुन्शी घाट डोळ्यांसमोर आणा. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ च्या सुमारास बांधला. काठ केवढा उंच! तरी म्हातारी माणसंही पाण्यापर्यंत उतरतात, कारण मधे पायऱ्या आहेत. कोंबडीलाही अशाच पायऱ्या लागतात.

हिशोब सोपा आहे. पहिली दांडी जमिनीपासून दीड फुटावर, दुसरी तीन फुटांवर. वरची दांडी खालचीच्या बरोबर डोक्यावर नको. जितकी वर, तितकीच मागे सरकवा, म्हणजे उतार ४५ अंशांपेक्षा जास्त होत नाही. सगळ्यांना वरचीच जागा हवी असते, त्यावरून भांडणं होतात. म्हणून वीस कोंबड्या असतील तर वरचीच दांडी दहा फूट ठेवा. भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर सोडा. आणि अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खाली असू द्या.

दांडी दीड-दोन इंच रुंद, वरून सपाट आणि कडा गोल केलेली असावी. गुळगुळीत पाइपवरून पाय घसरतो. फटी पडलेल्या बांबूत लाल माइट लपतात. हे बारीक किडे रात्री बाहेर येऊन रक्त पितात. दांडीखाली दाणा-पाणी ठेवू नका, रात्रभराची विष्ठा तिथेच पडते. आणि दिवा एकदम घालवू नका. अंधारात कोंबडीला उडीचा अंदाज येत नाही, मग ती खालीच राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिल्लं चार आठवड्यांची व्हायच्या आत त्यांना बुटकी दांडी द्या. स्वीडनमधल्या अभ्यासात असं दिसलं, की अशा कोंबड्या पुढे जमिनीवर कमी अंडी घालतात आणि एकमेकींना टोचून जखमी करण्याचं प्रमाणही कमी राहतं. उडी मारणं हे लहानपणीच शिकावं लागतं.

आज रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा. किती जणी वर आहेत आणि किती खाली, ते मोजा. दांडीची खालची बाजू पांढऱ्या कागदाने पुसून बघा. लाल डाग दिसले, तर उद्याचं पहिलं काम दांडीची सफाई.