बीबीबी मापनश्रेणी

बीबीबी मापनश्रेणी ही मज्जारज्जूला इजा झालेल्या रॅट जातीच्या उंदरांच्या मागच्या पायांची हालचाल कितपत पूर्ववत झाली आहे, हे मोजण्याची निरीक्षणावर आधारित पद्धत आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील बासो, बीटी आणि ब्रेस्नाहान या संशोधकांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले.

पद्धत

इजेपूर्वीच उंदराला मोकळ्या रिंगणात वावरण्याची सवय लावली जाते. इजेनंतर ठरावीक दिवशी त्याला तेथे सोडून दोन प्रशिक्षित निरीक्षक चार मिनिटे त्याच्या हालचाली पाहतात. कोणत्या उंदरावर उपचार झाले आहेत, हे निरीक्षकांना माहीत नसावे, अशी अपेक्षा असते. अन्यथा अपेक्षेचा प्रभाव गुणांवर पडू शकतो.

गुणांकन

गुण ० ते २१ असतात. ० म्हणजे मागच्या पायांची कोणतीही हालचाल न दिसणे आणि २१ म्हणजे स्वाभाविक चाल.

० ते ७ : नितंब, गुडघा व घोटा या सांध्यांची सुटी हालचाल.
८ ते १३ : पाऊल टेकणे, शरीराचा भार पेलणे, पावले टाकणे आणि पुढच्या-मागच्या पायांचा मेळ.
१४ ते २१ : बोटे जमिनीवर न घासणे, पावलाची दिशा, धडाचा तोल व शेपटीची स्थिती.

मर्यादा

ही श्रेणी क्रमदर्शक आहे. २ वरून ३ गुणांवर जाणे आणि ११ वरून १२ वर जाणे, या दोन्ही सुधारणा समान मानता येत नाहीत. त्यामुळे केवळ सरासरी गुणांची तुलना दिशाभूल करू शकते. ही श्रेणी मागच्या पायांपुरती असल्याने मानेच्या भागातील इजेनंतर पुढच्या पायांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

अर्धवट इजेनंतर उंदीर उपचारांविनाही काही आठवड्यांत बरेच सुधारतात. शिवाय कमरेच्या भागातील मज्जारज्जूतील चेताजाल मेंदूच्या आज्ञेविनाही पायांची लयबद्ध हालचाल घडवू शकते. म्हणून गुण वाढले, एवढ्यावरून तुटलेले चेतातंतू पुन्हा जुळले असे सिद्ध होत नाही. त्यासाठी उपचार न दिलेल्या गटाशी तुलना व ऊतींची तपासणी आवश्यक ठरते. असे निष्कर्ष पुढे मानवी चाचण्यांचा आधार बनतात, त्यामुळे ही दक्षता महत्त्वाची आहे.

संबंधित श्रेणी

लहान माउस जातीच्या उंदरांची चाल वेगळी असल्याने त्यांच्यासाठी २००६ मध्ये ० ते ९ गुणांची बासो माउस श्रेणी प्रसिद्ध झाली.