शिवाराचा ताळेबंद

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटर अंतरावर असलेल्या कोरेगाव तालुक्यापर्यंत येताना त्याच ढगांजवळ या दानाचा आठवा-दहावा हिस्सा तेवढा उरलेला असतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. एका अंगाला कृष्णाकाठची काळीभोर जमीन आणि उसाचे मळे, तर दुसऱ्या अंगाला डोंगरपायथ्याची मुरमाड राने, जेथे घेवडा, ज्वारी आणि बाजरी यांच्याच आधारावर पिढ्यान् पिढ्या संसार उभे राहिले. ज्या वाघ्या घेवड्याला अलीकडे भौगोलिक मानांकन लाभले, तो याच तालुक्याचा. वसना, वांगणा, तीळगंगा या येथल्या लहान नद्या पावसाळ्यात वाहतात आणि माघ-फाल्गुनापासून त्यांची पात्रे कोरडी पडू लागतात. मग विहिरींचा तळ दिसतो, टँकरचे अर्ज तालुक्याच्या कचेरीत दाखल होतात, आणि गावातला कर्ता तरुण मुंबईची वाट धरतो. गिरणी, गोदी, माथाडी कामगारांचा बाजार आणि आता मालवाहतुकीची गोदामे, असा या स्थलांतराचा शंभर वर्षांचा प्रवास आहे.

अशा प्रदेशातील एखाद्या लहानशा गावाने आपल्या पुढील वीस-पंचवीस वर्षांचा विचार स्वतः करावा, त्याचा आराखडा स्वतः आखावा आणि त्याची जबाबदारीही स्वतः उचलावी, ही कल्पना ऐकावयास सोपी आणि आचरावयास कठीण आहे. परंतु ती अशक्य नाही, याचा एक प्रत्यय २०१६ च्या उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यानेच महाराष्ट्राला दिला.

२०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षी पाऊस अपुरा झाला होता. त्यानंतर पानी फाउंडेशन या संस्थेने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा जाहीर केली, आणि पहिल्या वर्षासाठी तीन तालुके निवडले: विदर्भातील वरूड, मराठवाड्यातील अंबाजोगाई आणि पश्चिम महाराष्ट्रातील कोरेगाव. एकूण ११६ गावे स्पर्धेत उतरली. २० एप्रिल ते ५ जून हा मुदतीचा काळ, म्हणजे ऐन वैशाखवणव्याचा. गावातील निवडक स्त्री-पुरुषांनी पाणलोट विकासाचे प्रशिक्षण घ्यावयाचे, परत येऊन गावाला ते समजावून द्यावयाचे, आणि श्रमदान व यंत्रे यांच्या साह्याने पावसाचे पाणी अडवण्याची व जिरवण्याची कामे मुदतीत करावयाची, असा तिचा साधा नियम होता. त्या वर्षीचा ५० लाख रुपयांचा पहिला पुरस्कार कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळवला. या यशामागे जी मशागत होती, तीत साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांचा मोठा वाटा होता. स्पर्धेचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून ते साताऱ्याच्या दुष्काळी गावांतून श्रमदानाचे काम करीत आले होते.

वेळूसारख्या गावांनी केलेल्या कामाचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यातच ग्रामनियोजनाचे बीज आहे. डोंगरावर पडलेला थेंब धावू लागण्यापूर्वीच थांबवावा, हे त्याचे पहिले सूत्र. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावयाचे. उतारावर समपातळीत खणलेले सलग चर पाण्याला तेथेच मुरवतात. त्याखालच्या घळीत रचलेले अनघड दगडांचे बांध उरलेल्या पाण्याचा वेग मोडतात व वाहून जाणारी माती धरतात. शेतांची बांधबंदिस्ती पाणी वावरातच ठेवते. आणि सर्वांत शेवटी, ओढ्यावर, माती नालाबांध व सिमेंट बंधारे येतात. हा क्रम उलटा केला, वरचे डोंगर उघडे ठेवून खाली नुसता ओढा खोल खणला, तर पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती येऊन तो भरून जातो, आणि प्रमाणाबाहेर खणलेला ओढा आसपासच्या विहिरींचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो, असा इशारा भूजलाचे जाणकार देत आले आहेत. म्हणजे कामाचे ठिकाण निवडण्यापूर्वी शिवार वाचता आले पाहिजे. आणि कोणत्या घळीला पाणी किती जोराने येते, कोणत्या विहिरीचा झरा कधी आटतो, हे नकाशापेक्षा गावच्या गुराख्याला अधिक ठाऊक असते. शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि गुराख्याचे ज्ञान एका शिवारफेरीत शेजारी शेजारी चालू लागले, की नियोजनाला प्रारंभ होतो.

या विचाराची मुळे याच मातीत खोल गेलेली आहेत. कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरउतारांवर ताली व बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, अशी सूचना तत्कालीन सरकारला केली होती. पुढे १९४२ च्या आंदोलनानंतर, त्या वेळच्या अखंड सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा गावोगावच्या पंचांनी न्यायनिवाड्यापर्यंतचा कारभार परकी सत्तेच्या नाकावर टिच्चून चालवून दाखवला. गावाला कारभार जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना सातारा-सांगलीच्या इतिहासाने फार पूर्वीच उत्तर दिले आहे.

मात्र जुन्या गावगाड्याचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. पाटील-कुलकर्ण्यांच्या त्या कारभारात वेशीबाहेरच्या वस्तीला, भूमिहीनाला आणि स्त्रीला मत नव्हते. म्हणून आज ‘गावाने ठरवले’ असे आपण म्हणतो तेव्हा गाव म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. त्याचे एक थोर उत्तर सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याने दिले. मुंबईच्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी यांतून तेथे मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर तिच्या अग्रभागी होते. खटावच्या डोंगरांतून निघणाऱ्या येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडी या गावांनी लोकांच्या श्रमातून बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीची वाळू बेसुमार उपसली जात होती. त्या उपशाला आळा घालून, मर्यादित वाळूविक्रीतून धरणासाठी पैसा उभा करण्यात आला. परंतु खरी नवलाई पुढे आहे: पाण्यावर जमिनीच्या एकरांप्रमाणे नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क मानला गेला, आणि त्यात भूमिहीनही आले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर चालवलेल्या पाणी पंचायतीनेही, जमीन किती यापेक्षा घरात माणसे किती, यावर पाण्याचा वाटा ठरवला आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ दिला नाही.

या अनुभवांना आता कायद्याचेही बळ आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, पंचायतींनी ‘आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय’ यांच्यासाठी योजना तयार कराव्यात, असा मार्ग खुला केला. अकराव्या अनुसूचीत शेती, जलव्यवस्थापन, शिक्षण, आरोग्य असे २९ विषय नोंदले गेले. घटनाकारांच्या वारसांनी विकास आणि न्याय ही दोन पदे एकाच वाक्यात ठेवली, हे बलवडीच्या शहाणपणाशी जुळणारे आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींकडे थेट निधी वळवला आणि महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायत विकास आराखड्याचा उपक्रम सुरू झाला. शिवारफेरी, महिला सभा, वंचित घटकांशी चर्चा आणि शेवटी ग्रामसभेची मंजुरी, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. कागदावर ही रचना निर्दोष आहे. परंतु जेथे आराखडा दप्तरात बसूनच भरला जातो, जेथे महिला सभेच्या नोंदवहीत फक्त सह्या व अंगठे असतात आणि सभा नसते, तेथे रस्ता, समाजमंदिर आणि हायमास्ट दिव्याची मागणी यांपलीकडे ग्रामविकासाची कल्पना जात नाही. मागण्यांची यादी वरिष्ठांकडे पाठवली की गावाचे कर्तव्य संपते. ज्या योजनेत गावाने स्वतःला काहीही बजावलेले नसते, त्या योजनेने गावाचे भवितव्य घडण्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

स्वतःला बजावणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे गणित मांडू. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. एक हजार हेक्टर शिवाराच्या गावावर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या गावाला आकाशातून ५०० कोटी लिटर पाणी मिळाले. गावाची वस्ती दोन हजार असेल आणि माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे जल जीवन मिशनचे प्रमाण, धरले, तर घरगुती वापराला वर्षभरात सुमारे ४ कोटी लिटर लागतील. पडलेल्या पावसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी! मग त्या गावात टँकर का येतो? पाण्याचा मोठा भाग वाहून वा वाफ होऊन जातो, हे अर्धे कारण. आणि जे जमिनीत मुरते त्याच्या उपशावर कोणाचाच ताबा नसतो, हे उरलेले अर्धे. एक एकर उसाला पीककाळात साधारण ८० लाख लिटर पाणी लागते, असे धरले, तर पाच एकर ऊस अवघ्या गावाचे वर्षाचे पिण्या-वापरण्याचे पाणी पिऊन जातो. हे आकडे चावडीच्या फळ्यावर लिहिले गेले, की वादविवादाचा सूर बदलतो. अमक्याने बोअर घेतले व तमक्याची विहीर आटली, हे भांडण दोन घरांचे न राहता साऱ्या गावाच्या जमाखर्चाचा प्रश्न बनते.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने नेमके हेच केले. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गावाने पाणी अडवलेच. परंतु त्याहून अवघड काम केले ते स्वतःवर निर्बंध घालून घेण्याचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. सिंचनासाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नाहीत, असे नियम आले. दर वर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची आणि त्यानुसार रब्बीत काय पेरावे हे ठरवण्याची प्रथा तेथे रुजली. पाऊस कमी झालेल्या वर्षी तूट सर्वांनी मिळून सोसावयाची असते. ती बोअरच्या खोलीवर आणि पंपाच्या अश्वशक्तीवर सोडून दिली, तर ती नेहमी गरिबाच्याच वाट्याला येते.

स्पर्धा आणि नियोजन यांतील भेदही येथेच उमगतो. स्पर्धेची मुदत दीड महिन्याची होती. ईर्षेने, उत्साहाने आणि मुंबईहून सुट्टी काढून आलेल्या चाकरमान्यांच्या साथीने गावे त्या मुदतीत पेटून उठली, गट-तट विसरून एका चरावर घाम गाळू लागली, आणि हा मनोमीलनाचा लाभ पाण्याइतकाच मोलाचा होता. परंतु चर दर पावसाळ्यात गाळाने भरतात, बांध फुटतात, आणि विहिरींना पाणी दिसू लागताच ते सर्वांत आधी उपसण्याची चढाओढ सुरू होऊ शकते. अडवलेल्या पाण्याचे वाटप ठरलेले नसेल, तर सर्वांच्या श्रमाचे फळ ज्याची विहीर खोल त्याच्या पदरात पडते, आणि ज्या शेतमजूर स्त्रीने भर उन्हात टोपली वाहिली तिच्या हाती काहीच येत नाही. पुढे २०२० मध्ये याच संस्थेने ‘समृद्ध गाव’ ही दीर्घ मुदतीची स्पर्धा आरंभली आणि पाण्याच्या हिशेबासोबत माती, झाडे, गवताळ राने व उत्पन्न यांनाही तीत स्थान दिले, ते या जाणिवेतूनच.

कोरेगावच्या गावांना या मार्गाने जाण्यास साधने उणी नाहीत. कमी पाण्यावर येणारा आणि नावलौकिक असलेला घेवडा त्यांच्याजवळ आहे. पुणे-मिरज लोहमार्ग तालुक्यातून जातो. मुंबईत स्थिरावलेली, गावच्या यात्रेला न चुकता येणारी आणि गावासाठी वर्गणी काढणारी मंडळे आहेत. भूजल कायदाही आहे: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास मज्जाव करण्याचे तत्त्व महाराष्ट्राने १९९३ सालीच मान्य केले. उणीव आहे ती सातत्याची, आणि ते आणण्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वा पुरस्काराची वाट पाहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. त्या वेळी पावसाळा सरलेला असतो, विहिरींची पातळी मोजता येते आणि रब्बीच्या पेरणीचे निर्णय अजून पूर्णपणे झालेले नसतात. पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची प्रक्रियाही याच सुमारास सुरू होते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय पाण्याच्या ताळेबंदाचा असावा. तो शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून आणि गावातील निवडक विहिरींच्या मोजमापावरून, शिक्षित तरुण-तरुणींनी तयार केलेला असावा. आदल्या दिवशी महिला सभा खरोखर भरून तिचा ठराव त्याला जोडलेला असावा. आणि प्रथम पिण्याचे पाणी, मग गुरांचे, मग प्रत्येक घराला उपजीविकेपुरते, आणि उरले तरच नगदी पिकाचे, असा क्रम सभेने हात वर करून मंजूर करावा. रस्ते, दिवे व सभागृहे यांचे विषय त्यानंतर यावेत. एवढा एक ठराव ज्या गावाने सलग पाच वर्षे केला आणि पाळला, त्याला आपल्या पंचवीस वर्षांची आखणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी लागणार नाही.