चालतें कोण ? थांबलें कोण ?

(आकाशवाणीवरील भाषण)



नगरच्या स्थानकावर आपण आगगाडींत बसलेले आहांत. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी आहे. इतक्यांत खिडकींतून दिसणारे डबे हळूहळू मागें सरकूं लागतात, आणि ‘चला, निघाली एकदांची !’ असें म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतां. क्षणभरानें पलीकडची गाडी निघून जाते. तिच्या जागीं फलाट दिसतो आणि त्यावरचा चहावाला जेथल्या तेथें उभा असतो. आपली गाडी तसूभरही हललेली नसते. ही फसगत माझी अनेकदां झाली आहे. आपलीही झाली असेल. गतीचें शास्त्र आणि गतीचें तत्त्वज्ञान हीं दोन्ही या लहानशा फसगतीच्या पोटांत दडलेलीं आहेत, म्हणून आज तिच्यापासूनच आरंभ करतों.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या तीरीं नेवासें हें गांव आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी तेथें सांगितली गेली. तिच्या चवथ्या अध्यायांत, कर्मांत अकर्म कसें पाहावें हें समजावून देतांना, ज्ञानेश्वरमहाराज नावेंत बसलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. त्याला थडीवरचीं झाडें वेगानें पळतांना दिसतात. नीट विचार केला तर तीं अचल आहेत हें त्याला कळतें. त्याच्याही आधीं, इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथांत आर्यभटानें हाच नावेचा दाखला आकाशाला लावला होता. तारे पश्चिमेकडे जातांना दिसतात, पण स्थिर वस्तु नावेंतून मागें जातांना दिसाव्यात तसेंच तें दिसणें आहे, असें तो म्हणतो. आर्यभटाला पृथ्वीचें भ्रमण सांगावयाचें होतें, ज्ञानेश्वरांना आत्म्याचें अकर्तेपण. नाव एकच, उतारू निरनिराळ्या तीरांना जाणारे.

पुढें इसवी सन १६३२ मध्यें गॅलिलिओनें या विचाराला आणखी एक पाऊल पुढें नेलें. त्यानें आपल्या वाचकाला तारवाच्या बंद खोलींत बसविलें. तेथें फुलपांखरें उडत आहेत, टांगलेल्या भांड्यांतून पाण्याचे थेंब खालच्या भांड्यांत पडत आहेत. तारूं उभें असो वा संथपणें एकाच वेगानें सरळ चाललेलें असो, थेंब ठरल्या जागींच पडतो आणि फुलपांखरें चोहोंकडे सारख्याच सहजतेनें उडतात. बाहेर पाहिल्यावांचून आपण चाललों आहोंत कीं थांबलों आहोंत हें सांगण्याची कोणतीही युक्ति आंत बसलेल्याजवळ नाहीं. म्हणून ‘हें चालतें काय ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कशाच्या मानानें ?’ हें विचारल्यावांचून त्याला उत्तर नाहीं. आपण आरामखुर्चींत निवांत बसून हें ऐकत असाल. परंतु पृथ्वीच्या दैनंदिन फेऱ्यामुळें नगरची खुर्ची ताशीं सुमारें १,५८० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे धांवत आहे. खुर्चीबरोबर घर, अंगण आणि हवाही धांवत असल्यामुळें पेल्यांतला चहा सांडत नाहीं, एवढेंच !

आतां चाकाकडे वळूं. गळिताचा हंगाम लागला कीं आमच्याकडे उसाच्या बैलगाड्या साखर कारखान्यांची वाट धरतात. अशी एखादी गाडी ताशीं ४ किलोमीटर चालली आहे असें धरूं. चाकाचा आंस त्याच वेगानें पुढें जातो. परंतु चाकाचा सर्वांत वरचा बिंदु त्या क्षणीं ताशीं ८ किलोमीटर वेगानें जात असतो, आणि जो बिंदु जमिनीला टेकलेला असतो तो तेवढ्या क्षणापुरता अगदीं स्तब्ध असतो ! कारण प्रत्येक बिंदूला दोन गती आहेत : एक गाडीबरोबर पुढें जाण्याची, दुसरी आंसाभोंवतीं फिरण्याची. वरच्या बाजूस त्या एकाच दिशेच्या असल्यामुळें त्यांची बेरीज होते. जमिनीपाशीं त्या परस्परविरुद्ध असल्यामुळें एकमेकींस खोडून काढतात. पुरावा हवा असल्यास रस्त्यानें जाणाऱ्या सायकलीचें चाक बाजूनें पाहावें. खालच्या तारा वेगवेगळ्या ओळखूं येतात, वरच्या मात्र एकमेकींत मिसळून धूसर दिसतात. चालत्या गाडीचा आधार असा स्तब्धतेवर टेकलेला असतो.

यापुढची गोष्ट माझ्या मास्तरकीच्या दिवसांतली आहे, आणि ती सांगतांना मला थोडा संकोच वाटतो. न्यूटननें इसवी सन १६८७ मध्यें मांडलेला पहिला नियम मीं वर्षानुवर्षें शिकविला. बाहेरून बल लागलें नाहीं तर स्थिर वस्तु स्थिर राहते व चालती वस्तु त्याच वेगानें सरळ रेषेंत चालत राहते. माझ्या वर्गांतील एका मुलानें सहामाहींत तो अक्षरशः बिनचूक लिहिला, आणि मीं पैकीच्या पैकी गुण दिले. त्याच आठवड्यांत शाळेपाशीं उतरण्याच्या घाईंत त्यानें चालत्या टेंपोंतून मागें तोंड करून उडी टाकली. पायांना जमिनीनें थांबविलें. धडाला थांबविणारें कोणी नव्हतें, तें टेंपोच्याच वेगानें पुढें जात राहिलें. तो पाठीवर आपटला व त्याचें मनगट मोडलें. मी भेटावयास गेलों तेव्हां हात गळ्यांत बांधलेला तो मुलगा म्हणाला, “गुरुजी, तो नियम हाच होता होय ?” मला उत्तर सुचेना. नियम त्याच्या वहींत होता, पायांपर्यंत पोहोंचला नव्हता. तो पोहोंचविणें माझें काम होतें. त्या दिवसापासून व्याख्या सांगण्यापूर्वीं मी मुलांना विचारूं लागलों : एस. टी. एकदम सुटतांना आपण मागें जातों, ब्रेक लागतांच पुढें जातों. सांगा, आपल्याला ढकललें कोणी?

उत्तर असें कीं ढकललें कोणीच नाहीं. आपण आपली पहिली स्थिति सोडावयास तयार नव्हतों, इतकेंच. वैशेषिक दर्शनांत कणादांनीं बाणाचा विचार केला आहे. प्रत्यंचेच्या रेट्यानें पहिली गति येते, तिच्यापासून ‘संस्कार’ उत्पन्न होतो, संस्कार पुढची गति चालवितो, आणि तो सरला कीं गुरुत्वामुळें बाण पडतो. न्यूटन म्हणतो कीं, चालत राहण्यास कारणच लागत नाहीं, वेग बदलण्यास लागतें. आणि गुरुत्व बाणाला सुटल्या क्षणापासूनच खालीं ओढीत असतें. दोहोंत हें अंतर आहे. आमच्या पूर्वजांनीं सर्व कांहीं आधींच सांगून ठेविलें होतें असें म्हणण्याचा मोह आवरावा. पण प्रश्न त्यांनीं अचूक हेरला होता, हें मात्र अभिमानानें सांगावें. सांख्यकारिकेंतला कुंभाराच्या चाकाचा दाखला पाहा : हात काढला तरी चाक पूर्वसंस्कारानें फिरत राहतें, तसेंच ज्ञान झाल्यावरही शरीर कांहीं काळ राहतें.

निवृत्त झाल्यावर पहिले कित्येक महिने शाळेच्या वेळीं माझे पाय आपोआप शाळेच्या वाटेला लागत. घंटा थांबली होती. चाक फिरत होतें. एकदां नेवाशाच्या रस्त्यानें जातांना नातू खिडकीशीं बसून म्हणाला, “आजोबा, झाडें पळताहेत !” मी त्याला ‘नाहीं’ म्हणालों नाहीं. मीं एवढेंच विचारलें, “बाळ, तूं कोठें बसून पाहतो आहेस ?” हाच प्रश्न आपणांपुढें ठेवून मी आपली रजा घेतों.