स्वस्त इंजिनाची खरी किंमत

माळव्यात आणि निमाडात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत पूर्वजांच्या अनेक वस्तू सांभाळून ठेवलेल्या असतात. तलवार, देवघरातील टाक, मोडी लिपीतील दप्तरे यांच्या जोडीला काही वाड्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी जीपही उभी असते. आजोबांनी ती शेतीच्या फेऱ्यांसाठी घेतलेली असते. पुढे तिचे इंजिन बसते, टायर विरतात आणि मुलांच्या लपंडावापुरतीच ती उरते. मग एखाद्या वर्षी घरातील तरुण नातू मनावर घेतो आणि म्हणतो, ‘‘आजोबा, हिच्यात दुसरे दमदार इंजिन बसवू या. भंगारात फार स्वस्त मिळते.’’

हा उत्साह कौतुकास्पद आहे, यात शंका नाही. जुन्या सांगाड्यात दमदार इंजिन बसवून वेगवान गाडी सिद्ध करण्याच्या छंदाला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर अशा गाड्यांच्या शर्यती दुसऱ्या महायुद्धापूर्वीच रंगू लागल्या होत्या. छंद करणारी ही मुले श्रीमंतांची नव्हती. त्यांचे आवडते इंजिन होते फोर्ड कंपनीने १९३२ साली सामान्यांच्या मोटारीत आणलेले आठ सिलिंडरांचे, सुमारे ३.६ लिटरचे व ६५ अश्वशक्तीचे. १९५५ साली शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे नवे इंजिन आले आणि पुढे त्याने फोर्डची जागा घेतली. दोन्हींच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण असे की ती गावोगावच्या भंगारात पडलेली असत आणि त्यांचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळत. ज्याचे भाग व ज्याचा जाणकार घराजवळ सापडतो तेच इंजिन खरे स्वस्त, हे त्या मुलांनी अचूक ओळखले होते.

हीच कसोटी आपल्या भागाला लावून पाहू. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, नर्मदेच्या खोऱ्यालगत डही हे तहसिलीचे गाव आहे. तेथील गाडीमालकाला मोठ्या कामासाठी कुक्षी किंवा बडवानी गाठावी लागते आणि दुर्मिळ भागासाठी इंदूर. एका बेअरिंगसाठी गाडी आठ-आठ दिवस अंगणात उभी राहिली, तर इंजिन खरेदी करताना वाचलेले पैसे जाण्या-येण्यातच संपतात.

कोणकोणती इंजिने पुढे येतात?

महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या काळच्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे व ६० अश्वशक्तीचे होते. बांधणी साधी, दाब कमी आणि स्वभाव सोशीक, अशी त्याची ख्याती. दोष एकच, तो म्हणजे पेट्रोलची तहान. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले आणि ठिकठिकाणच्या गॅरेजांत जीपमधील पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवण्याचे काम जोरात सुरू झाले.

त्यासाठी आपल्याकडे पर्यायही भरपूर होते. धार जिल्ह्यातीलच पीथमपूरला मोटार उद्योग वाढला. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, हिचा कारखाना तेथे आहे. तिच्या गाड्यांतील २.४ लिटरचे मर्सिडीज घराण्याचे डिझेल इंजिन गॅरेजवाल्यांचे लाडके होते. खुद्द महिंद्रने आपल्या जीपगाड्यांत २.१ लिटरचे प्यूजो डिझेल इंजिन आणले. अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि नंतरचे १८१७ घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन हेही ओळखीचे झाले. शिवाय ‘ट्रॅक्टरचे बसवा, कधी मरत नाही’ असा सल्ला देणारे मिस्त्रीही गावोगाव होतेच.

हे सारे पर्याय कागदावर मोहक दिसतात. तथापि इंजिन म्हणजे एकटी पेटी नव्हे. त्याच्यामागे क्लच, गिअरपेटी व फिरता दांडा असतो, समोर रेडिएटर असतो आणि खाली कमानपाटे असतात. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सुमारे साडेसहा पट दाबली जाते, तर मर्सिडीज घराण्याच्या त्या डिझेल इंजिनात एकवीस पट. एवढा दाब सोसायचा तर अंग दणकट व जड हवे. तो भार पुढच्या कमानपाट्यांवर पडतो आणि धक्के जुन्या गिअरपेटीला सोसावे लागतात. दोन अनोळखी यंत्रांना जोडणारी मधली तबकडी लेथवर घडवावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली, तरी क्लच व बेअरिंग लवकर खलास होतात.

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा हिशेब तर कोणालाही घरी मांडता येईल. जुन्या जीपच्या मागील आसात ५.३८ ला १ असे प्रमाण असते, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरमध्येही इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांमागे चाकाची एकच फेरी होते. चाकाच्या एका फेरीत गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. कमी फेऱ्यांवर राबण्यासाठी घडवलेले इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करीत असेल, तर चाकाच्या ३७२ फेऱ्या होतात आणि गाडी ताशी जेमतेम ४९ किलोमीटर धावते. वेगासाठी केलेल्या खटाटोपाचे फळ बैलगाडीच्या थोरल्या भावासारखे निघावे, यापरता विनोद कोणता?

कायदा काय म्हणतो?

अनेक घरांत अजूनही १९८० च्या सुमाराचाच सल्ला चालतो: ‘‘आधी इंजिन बदला, मग परिवहन कार्यालयात जाऊन नोंद करून घेऊ.’’ हा सल्ला आता चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मान्यताप्राप्त संच बसवून नैसर्गिक वायू किंवा विजेवर गाडी चालवण्यासारखे काही अपवाद आहेत. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असले, तरीही नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते.

दंडापेक्षाही विम्याची बाब अधिक गंभीर आहे. अपघात झाला आणि पुस्तकातील इंजिन क्रमांक व गाडीतील क्रमांक जुळला नाही, तर विमा कंपनी वाद उपस्थित करू शकते. एखाद्याच्या जिवाची भरपाई घरातील शेतीवर येण्याचा प्रसंग ओढवू शकतो. हौसेची किंमत संपूर्ण कुटुंबाने मोजावी, हे योग्य नव्हे.

आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, खासगी वापराचे आणि सांगाडा, साटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन त्यांत बसते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती निघते. परंतु घरचा ठेवा म्हणून जीप जपायची असेल, तर मूळ इंजिन हेच तिचे कुलवृत्त आहे. ते भंगारात दिले की हा मार्ग बंद होतो.

मग करावे काय?

प्रथम मूळ इंजिनाचीच परीक्षा करावी. चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नसेल, तर आशा आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. धूर निळसर असेल, तर तेल जळते आहे. बोअर मोठा करून नवे पिस्टन व रिंगा घालणे, क्रँक घासून बेअरिंगे बदलणे, झडपा बसवणे ही कामे मोठ्या गावातील अनुभवी लेथवाला करू शकतो. ठोकळ्याला तडा गेला असेल, तरच त्याच जातीचे दुसरे इंजिन शोधावे, विक्रेत्याकडून पावती व इंजिन क्रमांकाचे कागद घ्यावेत आणि मान्यता आधी मिळवावी.

त्यानंतर वहीत दोन रकाने आखावेत. एकात मूळ इंजिनाची दुरुस्ती लिहावी. दुसऱ्यात नवे इंजिन, जोड-तबकडी, क्लच, रेडिएटर, कमानपाटे, ब्रेक, वाहतूक आणि पुढील दहा वर्षांचे सुटे भाग लिहावेत. दुसऱ्या रकान्यात ब्रेक विसरू नयेत, कारण वेग वाढवणाऱ्याने थांबण्याची सोय आधी करायची असते. बेरीज केल्यावर भंगारातील स्वस्ताई बहुधा आपोआप विरघळते.

वेगाचीच हौस असेल, तर तिला योग्य जागा हवी. याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला, ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धाव जून २०२१ मध्ये सुरू झाली. यंत्राचा कस पाहण्याची जागा तशीच असते. डही-कुक्षीच्या रस्त्यावर मात्र शाळेतून घरी निघालेली मुले चालत असतात.

तेव्हा नातवाच्या उत्साहावर पाणी टाकू नये. त्याच्या हाती पाना द्यावा, शेजारी जाणता मिस्त्री बसवावा आणि आजोबांचेच इंजिन खोलायला सांगावे. साठ अश्वशक्तीचे ते जुने यंत्र स्वतःच्या हातांनी जागे केलेला मुलगा इंजिनविद्येचा पहिला धडा शिकेल आणि घराच्या नावाची नोंदही पुस्तकात निष्कलंक राहील.