कुणाला कोणते तेल?

दिवाळीत घरात तेलांची गर्दी होते. चकलीचे वेगळे, अभ्यंगाचे वेगळे, पणतीतले आणखी वेगळे. आणि गृहिणीच्या हातून एकाच्या जागी दुसरे कधी जात नाही. मोटारीचे शौकीन पुरुष मात्र या बाबतीत मोठे भोळे! सर्वांत महाग कोणते? मग तेच द्या.

माझे एक स्नेही इंग्लंडात स्थायिक आहेत. त्यांच्यापाशी १९७० सालची एमजीबी ही स्पोर्ट्स मोटार आहे. (अबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत या गाड्या तयार होत.) शर्यतीच्या गाड्यांसाठी म्हणून विकले जाणारे भारी गिअर ऑइल त्यांनी आणले आणि गिअरबॉक्स व मागचे डिफरन्शियल, दोन्हींत तेच ओतणार असल्याचे मला फोनवर कौतुकाने सांगितले.

"अहो, थांबा!" मी म्हणालो, "डब्यावर जीएल-५ लिहिले आहे का?"

लिहिलेले होते. डिफरन्शियलला ते उत्तमच. तेथील दाते हायपॉइड जातीचे. त्यातले लहान चक्र मोठ्या चक्राच्या मध्यरेषेखाली बसवलेले असते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. साध्या तेलाचा थर तेथे फाटतो. म्हणून जीएल-५ तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे भरपूर घालतात. घर्षणाने दाते तापले की ती पोलादाशी संयोग पावून संरक्षक पापुद्रा धरतात. डबा उघडताच नाकात जातो तो वास या गंधकाचाच.

पण गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. गिअर अलगद पडावा म्हणून तेथे सिंक्रोमेशची पितळी कडी असतात. ही कडी काम करतात ती घर्षणाने! तेल फार निसरडे झाले की कडे चक्राला वेळेवर आवरू शकत नाही आणि गिअर खरखरतो. शिवाय काही जीएल-५ तेलांतील गंधक तापल्यावर पितळालाच खाते. जीएल-४ तेलात ही औषधे कमी असतात, म्हणून जुन्या पितळी कड्यांना ते मानवते. एमजीबीचा निर्माता तर त्याहून साधा निघाला : गिअरबॉक्समध्ये चक्क इंजिनाचे २०डब्ल्यू-५० तेल घाला, असे तो सांगतो! ज्या गाड्यांना ओव्हरड्राइव्ह आहे, त्यांत तेच तेल ओव्हरड्राइव्हलाही पुरते, आणि त्यातला शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावरच चालतो.

"पन्नास नंबर? नव्वदपेक्षा किती पातळ!" स्नेही कुरकुरले. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी. तिच्यावरचे ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० एवढाच घट्टपणा.

आता काही नवी तेले दोन्ही कामांना चालतात असे कंपन्या म्हणतात. असेलही. मी मात्र गाडीबरोबर आलेली पुस्तिकाच प्रमाण मानतो.

अखेर स्नेह्यांनी तो भारी डबा डिफरन्शियलपुरता ठेवला. मी आणखी दोनच गोष्टी सांगितल्या. गिअरबॉक्समधून निघालेल्या जुन्या तेलात सोनेरी कण चमकतात का ते उजेडात धरून पाहा. ते कड्यांचे पितळ. आणि तेल काढण्याआधी भरायचे बूच सैल होते की नाही याची खात्री करा. नाहीतर जुने तेल जमिनीवर, नवे डब्यात आणि गाडी जागच्या जागी.