दाणा, कडबा आणि दावण : बाजारभावाचा विचार

सुगी आटोपून रास घरात आली म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. धान्य आज विकावे की थांबावे, हा पहिला. आणि दावणीची जनावरे उन्हाळाभर पोसावी की त्यांस बाजार दाखवावा, हा दुसरा. पुष्कळ लोक या दोहोंचा विचार निरनिराळा करतात. आमच्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन भाग होत, आणि ते वेगळे मानल्यामुळेच आपले नुकसान होते.

पावसाने दगा दिला की दाणा महागतो व जनावर स्वस्त होते, हा आपल्याकडील जुना अनुभव आहे. दुष्काळात सर्वांचीच वैरण एकदम सरते, सर्वच जण जनावरे बाजारात काढतात आणि घेणारा कोणी उरत नाही. १९७२ साली हेच घडले. अलीकडे २०१३ व २०१९ साली चारा छावण्या निघाल्या म्हणून कित्येक दावणी वाचल्या. पुढे मृग बरसला की कालचा विकणारा आज घेणारा होतो, आणि मग त्यास चढा भाव मोजावा लागतो. सबब बैलाचा भाव बैलाइतकाच कडब्याच्या गंजीवर ठरतो, हे ध्यानात ठेवावे.

ज्वारीच्या हिशेबात आपण चुकतो ते येथेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने संकरित ज्वारीस क्विंटलमागे ३,६९९ रुपये, मालदांडीस ३,७४९, सोयाबीनास ५,३२८ व तुरीस ८,००० रुपये असा हमीभाव ठरविला. नुसते हे आकडे पाहणाऱ्यास ज्वारी हलकी वाटणार. मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली ती याच विचाराने. परंतु सोयाबीनचे भूस कडब्याची बरोबरी करीत नाही. ज्याच्या दावणीस चार जनावरे आहेत, त्याने दाण्याच्या किमतीत कडब्याची किंमत मिळवून मगच पिकांची तुलना करावी.

सोयाबीनविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. २०२१ च्या पावसाळ्यात हा माल दहा हजारांच्या घरात गेला आणि तो आकडा आपल्या मनातून अद्याप गेलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टात सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली, व डिसेंबरात वायदेबाजारातील व्यवहार थांबविले गेले. पुढे २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असतानाही अनेक बाजारांत माल त्याहून खाली विकला गेला. त्या सप्टेंबरात खाद्यतेलावरील आयातकर वाढविला होता. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील कर पुन्हा उतरविला. शिवाय मक्यापासून इथेनॉल काढण्याचा उद्योग वाढल्याने मक्यास गिऱ्हाईक मिळाले खरे, पण त्यातून उरणारा चोथा पशुखाद्यात व कोंबडीखाद्यात सोयापेंडीशी स्पर्धा करू लागला. तात्पर्य, दहा हजारांची वाट पाहत पोती अडकवून ठेवणे हा व्यापार नव्हे, जुगार होय.

आता जनावरांकडे वळू. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलास पूर्वी जो शेवटचा भाव येई तो राहिला नाही. ट्रॅक्टरने कामही कमी केले. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. उलट डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीस परवानगी दिल्यावर चपळ खिलार खोंडास निराळेच मोल आले. परंतु शर्यतीचा बैल लाखात एखादा. त्याचा भाव ऐकून सामान्य जोडीची किंमत ठरवू नये. २०२२ साली लम्पीमुळे गुरांचे बाजारच बंद राहिले, म्हणून सर्व गरज एका बाजारदिवसावर टांगून ठेवणेही धोक्याचे. शेळ्या पाळणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट वहीत टिपावी : बकरी ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. बोकड तयार करण्याची तिथीही तशीच मागे सरकली पाहिजे.

भविष्य वर्तविणे हे आमचे काम नव्हे. हिशेब मांडणे आहे. कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर आदी मालाच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा महिन्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने मिळते. चार हजारांच्या क्विंटलावर तीन हजार उचलले, तर सहा महिन्यांचे व्याज नव्वद रुपये. यात हमाली, वाहतूक व घट मिळवावी, आणि भाव तेवढ्याहून अधिक चढेल अशी सबळ कारणे असतील तरच थांबावे. नड भागविण्यापुरता एक वाटा सुगीत विकावा, दुसरा तारण ठेवावा, तिसरा पुढील पावसाचा रंग पाहून काढावा, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते. ओला माल मात्र कोणत्याही वाटणीत नफा देत नाही. सोयाबीन बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच पोत्यात भरावे.

राहता राहिली जोडी. पुढील मृगापर्यंत पुरेल इतका कडबा आधी मोजावा. पुरत असेल तर कामाची जोडी विकू नये. पुरत नसेल तर जादा जनावर अंगावर मांस असतानाच, म्हणजे फाल्गुनाच्या आत, काढावे. चैत्रात हाडे दिसू लागल्यावर बाजारास नेलेल्या जनावराचा भाव दलाल ठरवितो, धनी नव्हे.